मेइजो मार्गाचा डावा फेरा

नागोया शहरातील मेइजो हा भुयारी रेल्वेमार्ग २००४ मध्ये पूर्ण वर्तुळाकार झाला. त्याच्या गाड्यांना टोकाचे स्थानक नसल्यामुळे फलाटावर दिशा ‘उजवा फेरा’ आणि ‘डावा फेरा’ अशीच लिहिलेली असते. याच मार्गावरील मोतोयामा स्थानकाहून मला जायचे होते ते नागोया विद्यापीठ उजव्या फेऱ्याने अवघे एक स्थानक दूर आहे. मी मात्र घाईत डाव्या फेऱ्याच्या गाडीत चढलो. पुढे उतरून परत फिरता आले असते. पण वर्तुळात अठ्ठावीसच स्थानके आहेत, म्हणजे सत्तावीस थांब्यांनंतर मी पोहोचणारच, असा हिशेब करून बसून राहिलो आणि वही उघडली.

वहीत ज्या विषयाची टिपणे होती, त्यातही डावे-उजवे आहेच. आइहारा आणि इयामा या गणितज्ञांनी २०१२ च्या शोधनिबंधात सिल्टिंग वस्तूंचे म्युटेशन मांडले, तेव्हा इयामा याच विद्यापीठात होते. सिल्टिंग वस्तू म्हणजे, ढोबळपणे, काही घटकांचा असा संच, की ज्यातून एखाद्या बीजगणिताभोवतीचे (बेरीज-गुणाकाराचे नियम असलेल्या रचनेभोवतीचे) सारे विश्व उभे करता येते. तिचा एक घटक काढून त्याच्या जागी ठरावीक रीतीने दुसरा बसवायचा, बाकीचे तसेच ठेवायचे, हे म्युटेशन. आपल्या तलाठ्याच्या दप्तरातील फेरफार मला नेहमी आठवतो : एका नावाला कंस होतो, दुसरे चढते, इतर खातेदार जागचे हलत नाहीत. डाव्या म्युटेशनने केलेला बदल उजव्याने परत फिरवता येतो. प्रश्न एवढाच की, असे एकेक फेरफार करत कोणत्याही सिल्टिंग वस्तूपासून कोणत्याही दुसरीपर्यंत पोहोचता येते का?

ओझोने स्थानक मागे पडेपर्यंत मी सर्वांत लहान उदाहरण काढले. दोन शिरोबिंदू आणि त्यांच्यामधला एक बाण, एवढेच ज्याचे चित्र आहे, त्या बीजगणिताच्या द्विपदी, म्हणजे दोनच पदांत लिहिता येणाऱ्या, सिल्टिंग वस्तू पाचच आहेत आणि त्या पंचकोनावर बसतात. बीजगणित स्वतः एका कोपऱ्यावर, त्याचे एक घर सरकवलेले रूप दुसऱ्या कोपऱ्यावर. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत एका बाजूने दोन पावले, म्हणजे दोन म्युटेशने, दुसऱ्या बाजूने तीन. आता बाण एकाऐवजी दोन करा, म्हणजे क्रोनेकर बीजगणित मिळते. दोन पावलांची बाजू शाबूत राहते, परंतु तीन पावलांची बाजू अनंत लांब होते. तिच्यावर कितीही डावी म्युटेशने केली तरी सरकवलेले रूप येतच नाही. माझा स्थानके मोजण्याचा हिशेब इथे कोसळतो, कारण चुकीच्या दिशेने निघालेल्याला वळून मागे यावेच लागते.

तरीही इथे संबद्धता, म्हणजे डाव्या-उजव्या म्युटेशनांनी कुठूनही कुठेही पोहोचता येणे, टिकते. ‘स्थानिक’ आणि ‘आनुवंशिक’ या प्रकारांच्या बीजगणितांसाठी ती आइहारा-इयामांच्या त्याच निबंधात सिद्ध झाली आहे, आणि दोन वस्तूंच्या मधल्या टप्प्यात सिल्टिंग वस्तू सांत, म्हणजे मोजक्याच, असतील, तर मार्ग सापडतोच. सर्व सांत-मितीय बीजगणितांसाठी मात्र हे खरे नाही. काहींमध्ये एका वस्तूपासून दुसरीपर्यंत फेरफारांची कोणतीही सांत साखळी जात नाही. मला खरे कुतूहल याच तुटलेल्या बाजूचे आहे, कारण वस्तू समोर असूनही ती गाठता येत नाही, हे सिद्ध करायला एखादी चुकलेली वाट दाखवून भागत नाही, सगळ्याच वाटा नाकाराव्या लागतात.

याच विचारात यागोतो गेले. विद्यापीठाच्या स्थानकावर उतरलो, तेव्हा पाऊण तास उलटून गेला होता आणि व्याख्यानाचा पहिला फळा पुसला गेला होता.