लाल तार

भोसरीतल्या एका हीट ट्रीटमेंट शॉपमध्ये मी इन्स्ट्रुमेंटचं काम बघायचो तेव्हाची गोष्ट. रात्रपाळीत भट्टीच्या थर्मोकपलची, म्हणजे तापमानाचा आकडा देणाऱ्या तारांच्या जोडीची, केबल बदलली होती. सकाळी थंड भट्टीचा आकडा बरोबर दिसला, म्हणून गिअरचा लॉट चढवला. सेट पॉइंट ८६० अंश. दुपारी कंट्रोलरवर ८६० स्थिर होतं, तेवढ्यात भट्टीवरचे मामा आले.

"साहेब, आकडा खरा नाही. आतला रंग नारिंगी झालाय. ८६०ला असा नसतो."

झरोक्यातून पाहिलं आणि पोटात गोळा आला.

थर्मोकपल तापमान मोजत नाही, दोन टोकांमधला फरक मोजतं. के टाइपमध्ये क्रोमेल आणि ॲल्युमेलच्या तारा असतात. अंशामागे साधारण ४१ मायक्रोव्होल्ट मिळतात. पॅनेलमधल्या टोकाचं तापमान कंट्रोलर स्वतः मिळवतो. म्हणून मधली केबलही त्याच धातूंची लागते, आणि धन-ऋण सरळ लागतं.

थर्मोकपलच्या हेडला, म्हणजे भट्टीबाहेर जिथे केबल जोडलेली असते तिथे, पीटी-१०० टेकवून रोध पाहिला. ही प्लॅटिनमची तार शून्य अंशाला १०० ओहम असते, पुढे अंशागणिक साधारण ०.३८५ने वाढते, पडताळणीला माझा तिच्यावरच भरवसा. १३१ ओहम आले, म्हणजे हेड ८० अंशांवर. पॅनेलमध्ये ३५. फरक ४५चा, आणि केबल दोन्ही टोकांना उलटी असेल तर चूक दुप्पट, ९०. म्हणजे भट्टी ९५०वर!

पॅनेलमधल्या तारांना लोहचुंबक लावला. ॲल्युमेल चिकटते, क्रोमेल नाही. धनच्या स्क्रूतली लाल तार चिकटली.

केबल अमेरिकन रंगांची होती. त्यात पिवळी धन आणि लाल ऋण. डीसी वायरिंगमध्ये लाल म्हणजे धन, त्या सवयीने इलेक्ट्रिशियनने दोन्हीकडे लाल धनला लावली होती. एकाच टोकाला चुकला असता तर भट्टी तापताना आकडा उलट घसरला असता आणि तिथेच कळलं असतं. सकाळी हेड आणि पॅनेल सारखेच थंड, म्हणून चूक शून्य. त्या पोराला मी दोष देत नाही. केबल बदलल्यावर तापत्या भट्टीत दुसरं थर्मोकपल घालून ताडून बघणं माझं काम होतं, ते मी केलं नव्हतं.

दोन्हीकडच्या तारा फिरवल्या. आकडा ९४८वर गेला, हीटर बंद झाले. लॉट बाजूला काढून एक गिअर कापून तपासला. पोलादाचे कण मोठे झाले होते. मामा संध्याकाळपर्यंत झरोक्यापाशीच उभे होते.