लोणारची लेक रीसच्या विवरात

शनिवार, रात्री सव्वाअकरा. न्योर्डलिंगेन, जर्मनी.

खिडकी उघडी ठेवली आहे. सप्टेंबरची थंडी आत येतेय, पण बंद करवत नाही. दहाची हाक ऐकली, साडेदहाची ऐकली, अकराची ऐकली. आता साडेअकराची ऐकून मगच आडवं व्हायचं. नवरा केव्हाच झोपला. सकाळपासून गाडी त्यानंच चालवली.

हाक म्हणजे खरोखरची हाक. गावाच्या मधोमध सेंट गेओर्ग चर्चचा 90 मीटर उंच मनोरा आहे. इथले लोक त्याला ‘डानिएल’ म्हणतात. वरती पहारेकरी असतो आणि रात्री दहा ते बारा, दर अर्ध्या तासानं तो खाली गावाकडे ओरडतो, “सो, ग्झेल, सो!” म्हणजे साधारण, ‘असं आहे तर, गड्या, असं!’ आग लागली किंवा शत्रू आला तर वरून आधी दिसावं म्हणून ही नेमणूक. आता आगीचे बंब फोन केला की येतात, तरी हाक चालू आहे.

या हाकेमागची गोष्ट 1440 सालची सांगतात. ओएटिंगनच्या सरदारानं वेशीचे रखवालदार फितवले होते. रात्री दार नुसतं लोटून ठेवायचं, कडी घालायची नाही, असं ठरलं. एक बाई नवऱ्यासाठी बिअर आणायला त्या वाटेनं चालली होती. तिला दिसलं, एक सुटलेली डुकरीण दाराला अंग घासतेय आणि दार हलतंय. तिनं ‘सो, ग्झेल, सो!’ असा आरडाओरडा केला आणि गाव वाचलं. आज दिवसभर गल्ल्यांमधून डुकरिणीचे रंगीत पुतळे दिसत होते ते याच गोष्टीमुळे. गाव वाचवणाऱ्या जनावराला इतक्या वर्षांनी मान देणं मला फार आवडलं. आपल्याकडे पोळ्याला बैलाची पूजा होते, त्यातलाच हा भाव.

जर्मनीत आलेला प्रत्येक जण आधी रोथेनबुर्गला जातो. आम्हीही गेलो होतो, सुंदर आहे, वाद नाही. पण न्योर्डलिंगेनला यायचं हे मी तीन वर्षं धरून बसले होते. कारण माझं माहेर लोणारचं. उल्का पडून झालेल्या विवराच्या काठावर मी लहानाची मोठी झाले, आणि हे आख्खं गाव तशाच विवराच्या पोटात वसलंय.

श्टुटगार्टहून निघालो. आलेन गेलं, बोप्फिंगन आलं. तिथं डाव्या हाताला इप्फ नावाचा सपाट माथ्याचा डोंगर आहे. वर केल्टिक लोकांच्या तटबंदीचे अवशेष आहेत. आपल्याकडचा एखादा टेपाड किल्लाच वाटतो लांबून. तो मागे पडला आणि रस्ता एकदम सपाटीवर आला. दोन्हीकडे कापणी झालेली शेतं, लांबवर टेकड्यांची निळी कड. मी नवऱ्याला म्हटलं, “आलो आपण आत.” तो इकडेतिकडे बघून म्हणाला, “कशाच्या आत?” त्याचं बरोबरच होतं. लोणारचं विवर काठावर उभं राहिलं की एका नजरेत मावतं. त्याचा व्यास 1.8 किलोमीटर आहे. इथल्या विवराचं नाव रीस, त्याचा व्यास सुमारे 24 किलोमीटर. तेरा लोणारं एका ओळीत मांडावी तेव्हा या काठापासून त्या काठापर्यंत पोचता येईल. नजरेत मावतच नाही, म्हणून तर इथल्या माणसांना शेकडो वर्षं पत्ता नव्हता आपण कशात राहतोय याचा. जुना ज्वालामुखी असेल, असंच अभ्यासकही धरून चालले होते. 1960 मध्ये युजीन शूमेकर हा भूगर्भशास्त्रज्ञ इथल्या खाणींतून दगड घेऊन गेला आणि त्याचा सहकारी एडवर्ड चाओच्या तपासणीत त्यात कोएसाइट सापडलं. वाळूतलं क्वार्ट्झ प्रचंड दाबाखाली आलं की त्याचं कोएसाइट होतं, आणि ज्वालामुखीत तसला दाब नसतो. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी इथं आभाळातून काहीतरी पडलं होतं, हे तेव्हा पक्कं झालं. त्या आघातानं वितळून उडालेली हिरवी काच आजही पार चेक प्रदेशात सापडते. आपल्या लोणारचा असाच निकाल 1973 च्या शोधनिबंधानं लागला. म्हणजे दोन्ही गावांना स्वतःची खरी जन्मकथा कळली ती तेरा वर्षांच्या अंतरानं.

गाडी वेशीबाहेर लावली आणि आधी चर्चच्या भिंतीपाशी गेले. हे चर्च 1427 ते 1505 या काळात बांधलं, आणि त्याचा दगड आहे स्वेविट. आघातात खडक फुटले, वितळले, मिसळले आणि पुन्हा जमले, तो हा दगड. भिंतीला हात लावून बराच वेळ उभी होते. करडा, जरासा हिरवट रंग. मध्ये मध्ये काळ्या काचेच्या वेड्यावाकड्या चकत्या रुतलेल्या. काही निखळून गेल्यात, तिथं बोटाचं टोक जाईल एवढे खळगे. या चकत्यांना इथले लोक ‘फ्लेडले’ म्हणतात. स्वाबियन सूपमध्ये धिरडं कापून त्याच्या पट्ट्या सोडतात, त्यांचं हे नाव. आकाशातून कोसळलेल्या प्रलयाच्या खुणेला रोजच्या जेवणातलं नाव दिलं माणसांनी! दगड तसा मऊ, हवेनं झिजतो, म्हणून डागडुजी सतत चालू असते. आणि त्यात हिरे आहेत. डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक. मूळ खडकातल्या ग्रॅफाइटचे त्या एका क्षणात झालेले.

मग मनोरा. 350 पायऱ्या, खाली दगडी, वर लाकडी. तिकीट वर पोचल्यावर पहारेकऱ्याच्या खोलीत काढायचं. सज्जात आले आणि सगळं समजलं. खाली लाल कौलांचं गोल गाव, त्याभोवती तट, तटाबाहेर शेतं, आणि त्या सगळ्यापलीकडे चहूबाजूंनी ती टेकड्यांची कड. वरून 99 गावं दिसतात असं म्हणतात. मी मोजली नाहीत. मी ती कडच बघत एकेका दिशेला फिरत राहिले, सरोवराच्या काठावरून फिरताना समोरचा काठ बघतो तशी.

तट पूर्ण शाबूत आहे, आणि वरच्या लाकडी छपराखालून सगळ्या गावाला चालत फेरी मारता येते. पावणेतीन किलोमीटरला थोडं कमी. पाच वेशी लागतात. आतल्या बाजूनं तटाला पाठ लावून बसलेली छोटी छोटी घरं आहेत, त्यांच्या खिडकीतली जेरेनियमची फुलं हाताला लागतील इतकी जवळ. एगर नदीच्या बाजूला कातडी कमावणाऱ्यांची आळी आहे. माळे उंच, मोकळे, कातडी वाळत घालायला वारा लागायचा म्हणून. याच तटाबाहेर 1634 साली कॅथलिक-प्रोटेस्टंटांच्या तीस वर्षांच्या युद्धातली मोठी लढाई झाली. आत माणसं उपासमारीनं आणि रोगानं मेली. चालताना नवरा गप्प होता. मीही.

रीसच्या विवराचं संग्रहालय एका जुन्या लाकडी वखारीत आहे. तिथं काचेआड अपोलो 16 नं आणलेला चंद्रावरचा दगड ठेवलाय, नासानं दिलेला. कारण 1970 च्या ऑगस्टमध्ये अॅलन शेपर्ड, एडगर मिचेल वगैरे अंतराळवीर इथं खाणींमध्ये दगड ओळखायला शिकून गेले होते. चंद्रावर कोणता दगड उचलायचा हे कळायला हवं ना. मी त्या दगडासमोर उभी राहिले आणि मला बाबा आठवले. बाबा शाळेत भूगोल शिकवायचे. दर हिवाळ्यात मुलांना सरोवराच्या काठानं फिरवायचे. दोऱ्याला लोहचुंबक बांधून मातीतून ओढायला लावायचे. वर उचललं की त्याला काळ्या कणांची मिशी फुटलेली असायची. “हा आपला बेसाल्ट. चंद्रावरचे काळे डागही याच जातीचे,” ते म्हणायचे. आणि त्याच फेरीत लवणासुराची गोष्टही सांगायचे. विष्णूनं त्याला मारलं, त्याचं रक्त म्हणजे हे खारं पाणी, आणि गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ विष्णूचं. एक खरी आणि दुसरी खोटी असं त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. आज डुकरीण आणि कोएसाइट एकाच गावात नांदताना बघून त्यांचं शिकवणं मला नव्यानं कळलं.

संध्याकाळी व्हिडिओ कॉल केला. मनोऱ्यावरचे फोटो दाखवले.

“मंग पाणी कुठाय?” बाबांचा पहिला प्रश्न.

पाणी होतं, बाबा. विवर झालं तेव्हा इथंही सरोवर साचलं होतं, आपल्यासारखंच खारं आणि सोड्याचं. लाखो वर्षं राहिलं. ओढ्यांनी गाळ आणला आणि ते भरत गेलं. आता त्या गाळावर शेती होते, म्हणून इतकं सपाट.

बाबा जरा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हंजे आपलंही भरंल एक दिवस.”

“लय वर्षं आहेत बाबा.”

“गाळ तर आत्ताच येतो, बाई. काठावरची झाडं राखली तर कमी येईल. हे लोकं समजतच नाहीत.” मग आईनं फोन घेतला आणि विचारलं, भिंतीत हिरे आहेत तर कोणी भिंत खणली कशी नाही? आईला बारीक कणांचं सांगितलं, पण तिचं समाधान झालं नाही. मला मात्र ते सांगताना भरून आलं. सरोवराच्या काठची आमची देवळं आठवली, झाडीत बुडालेली, मुळांनी फोडलेली. कमळजा देवीकडे उतरणारी वाट आठवली. लहानपणी जिथं खांबाला टेकून डबा खाल्ला, तो खांब गेल्या खेपेला आडवा पडलेला होता.

“सो, ग्झेल, सो!”

साडेअकरा.

रविवार, संध्याकाळ. परतीच्या वाटेवर, एल्वांगनजवळ थांबलोय.

आज डिंकल्सब्यूल. अर्ध्या तासाचा रस्ता. हेही तटबंदीचं गाव, चार वेशींचं, व्योर्निट्स नदीकाठी. दुसऱ्या महायुद्धाच्या बॉम्बफेकीतून वाचलेलं. लाकडी चौकटींची घरं नटून उभी आहेत, त्यात बाजारपेठेतलं ‘डॉइचेस हाउस’ तर नक्षीदार लाकडी पेटीसारखं. रविवार असल्यानं दुकानं बंद, रस्ते मोकळे, घंटा तेवढ्या वाजत होत्या. इथलंही चर्च सेंट गेओर्गचंच, आणि बांधणारा निकोलाउस एसेलर न्योर्डलिंगेनच्या चर्चवरही होता. आत गेल्यावर तिन्ही भाग एकाच उंचीचे, बारीक उंच खांबांच्या रांगा, आणि छताला जाळी. देवळाच्या सभामंडपात मान वर करून बघतो तसे आम्ही बघत राहिलो.

या गावाची एक गोष्ट मला फार लागली. तीस वर्षांचं युद्ध संपवणाऱ्या 1648 च्या तहानंतर इथं कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांना कारभारात सारखा वाटा ठरला, दरेक पदावर दोन्हीकडची माणसं. तीस वर्षं एकमेकांच्या जिवावर उठलेल्या लोकांनी एकाच कचेरीत शेजारी बसायचं! सोपं गेलं नसणार. 1632 मध्ये स्वीडिश फौज वेशीत आली तेव्हा मुलांनी गाव वाचवायची विनवणी केली, अशी आख्यायिका आहे. त्या मुलांसाठी दर जुलैत सण होतो. पुढच्या वर्षी बघायचा आहे. दुपारी आलुबुखाऱ्याचा केक खाल्ला, खूप आंबटगोड, आणि निघालो.

आत्ताच बाबांचा मेसेज आला. सकाळी चालत काठावर गेले होते, मला सांगितलं नव्हतं. फोटो पाठवलाय. यंदाच्या पावसानं पाणी चढलंय, भोवतीची झाडी गच्च हिरवी. खाली लिहिलंय, “समोरचा काठ स्पष्ट दिसतो आज. शाळेत सांगितलं, डिसेंबरात पोरं घेऊन येतो. तुझ्या त्या मनोऱ्याचा फोटो मोठा करून पाठव, पोरांना दाखवायचा आहे.”

नवरा गाडीत बसलाय. फोटो निवडते आणि निघते. पश्चिमेकडचा काठ नीट आलाय तोच पाठवावा.