साठीनंतरचं रूट कॅनल: कॅनल काही सापडेना

"कॅनल बंद झालाय, या वयात कशाला त्रास घेता, काढून टाकू दाढ." दाढ उघडून कॅनल, म्हणजे मुळातली नसेची बारीक नळी, बराच वेळ शोधून झाल्यावर पहिल्या डेंटिस्टनी हे ऐकवलं. या वयात म्हणजे काय हो? डोकं सटकलं माझं, तात्पुरतं सिमेंट भरून घेतलं आणि उठले.

दुखत काहीच नव्हतं खरं तर, हिरडीवर बारीक पुटकुळी आणि चावताना जरा जड, एवढंच. गार बोळा लावून बघितला तर त्या दाढेला काही कळलं नाही आणि शेजारच्या चांगल्या दातालाही उशिरा कळलं. वयाबरोबर आतल्या नसा, रक्तवाहिन्या कमी होतात, डेंटिन, म्हणजे दाताचा आतला कठीण थर, जाड होतं, त्यामुळे नुसत्या गार टेस्टवर निकाल लावायचा नसतो हे नंतर समजलं.

मग फक्त रूट कॅनलच करणाऱ्या, म्हणजे एंडोडॉन्टिस्टकडे गेले. त्यांनी नीट समजावलं. दात आतून आयुष्यभर डेंटिन बनवत राहतो, त्यामुळे नसेची जागा आकसत जाते. दाढेत तर छत आणि तळ इतके जवळ येतात की ड्रिल आत पडल्याचं हाताला कळतच नाही, अंदाजाने खोल गेलं तर तळालाच भोक पडतं. वर माझ्या दाढेत पल्प स्टोन, म्हणजे आतच तयार झालेला खडा. एक्सरेत कॅनल दिसला नाही म्हणजे तो नाहीच असं नसतं, म्हणून सीबीसीटी स्कॅन, म्हणजे थ्रीडी एक्सरे, काढला.

खरी परीक्षा पुढे. मायक्रोस्कोप लावून अल्ट्रासोनिक, म्हणजे अतिवेगाने थरथरणाऱ्या, टिपने खडा कणाकणाने खरवडायचा, थांबायचं, बघायचं, परत खरवडायचं. स्क्रीनवर करडा तळ आणि त्यावरच्या गडद रेषा दिसत होत्या, त्या रेषांच्या टोकाशी कॅनलचं तोंड असतं म्हणे. दोन सापडले, तिसरा काही केल्या सापडेना. जबडा भरून आला (तोंड उघडं ठेवायला दातांत धरायचा ठोकळा, बाइट ब्लॉक, आधीच मागून घ्या, मला उशिरा सुचलं), पुढची अपॉइंटमेंट, पुन्हा तेच. सहा नंबरची फाईल, म्हणजे कॅनलमध्ये घालायची बारीक सुई, टोकाला जेमतेम 0.06 मिलिमीटर, लावायची, वाकली की फेकायची, नवी घ्यायची. शेवटी "अडकली, अडकली!" असं डॉक्टरच ओरडल्या, फाईल अडकली म्हणजे कॅनलचं तोंड सापडलं, आणि मी तोंड उघडं ठेवूनच हसले. भरणं, कॅप वगैरे पुढचं सगळं सरळ झालं.

तर, कॅनल बंद आहे असं कुणी सांगितलं तर आधी मायक्रोस्कोप आणि स्कॅनची सोय आहे का विचारा. नुसत्या वयामुळे रूट कॅनल फसत नाही.

हां, आणि औषधांची यादी न्या. मी हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून बिस्फॉस्फोनेटच्या गोळ्या घेते, त्यात दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही, म्हणून शक्यतो दात वाचवतात. काढायला निघालेल्यांनी एका शब्दाने विचारलं नव्हतं.