हब गियर मागितला की हब मोटर दाखवतात! चढासाठी ई-सायकल घेतानाचा माझा अनुभव

घर पुण्यात बावधनला, ऑफिस कोथरूडला. सकाळी चांदणी चौक ओलांडला की उतारच उतार, त्यामुळे मजा. संध्याकाळी मात्र कोथरूड डेपोपासून चौकापर्यंत चढ आणि शेवटी आमच्या सोसायटीची गल्ली, ती म्हणजे भिंतच. मोबाइलवर मोजलं तर 100 मीटरला 10 मीटर चढ निघाला. डावा गुडघा आधीच कुरकुरतो, म्हणून इलेक्ट्रिक हवी होती. बजेट 45 हजार, त्याच्यावर एक रुपया नाही असं नवऱ्याला आधीच सांगून टाकलेलं.

आणि मला हब गियर पाहिजे होता. म्हणजे मागच्या चाकाच्या हबच्या पोटात बंद असलेले गियर, बाहेर लोंबकळणारं काही नाही, पावसात चिखल जाऊन बसत नाही. मुख्य म्हणजे उभ्या उभ्या बदलता येतात. चढावर रिक्षा आडवी आली आणि तुम्ही जड गियरमध्ये अडकलात तर साध्या गियरवाल्या सायकलला पायडल मारल्याशिवाय गियर पडत नाही, आणि तिथे पायडलच तर हलत नसतं.

आता खरी गोष्ट. दुकानाचं नाव लिहीत नाही, पण अजून आठवलं की डोकं फिरतं. पहिल्या दिवशी विचारलं, हब गियरची ई-सायकल आहे का? "आहे ना मॅडम, गियर्ड हबच आहे सगळ्यांना." मी खूश. बघितलं तर मागच्या चाकात मोटर आणि बाजूला नेहमीचे सात बाहेरचे गियर. म्हटलं, हे नाही हो. तो म्हणे, "मॅडम, हबमध्ये गियर आहेत, तुम्ही वेबसाइट बघा." घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की तो खोटं बोलत नव्हता, फक्त वेगळ्याच गोष्टीबद्दल बोलत होता. गियर्ड हब मोटर म्हणजे मोटरच्या आत छोटे दातेरी गियर असतात, मोटर जोरात फिरते आणि ते तिचा वेग कमी करून जोर वाढवतात. तुमच्या पायांशी त्याचा काही संबंध नाही. आणि मागच्या हबमध्ये मोटर बसली की स्वस्तातल्या सायकलीत तरी तिथे पायांसाठीच्या गियरला जागाच उरत नाही. म्हणजे हब गियर हवा तर मोटर पुढच्या चाकात नाहीतर पायडलपाशी हवी. एवढं एक वाक्य दुकानात कुणी सांगितलं असतं तर माझा दीड महिना वाचला असता.

दुसऱ्या फेरीला कागदावर चित्र काढून नेलं. मालक म्हणाले, मागवून देतो, 2 हजार टोकन भरा. भरले. तीन आठवडे "गाडी निघालीये, उद्या येईल" ऐकलं आणि आली ती तीच सायकल, फक्त रंग निळा!! बरं, म्हटलं चढावर तरी चालवून बघू, तर टेस्ट राइड फक्त दुकानासमोरच्या गल्लीत. ती गल्ली कॅरमबोर्डसारखी सपाट. मी म्हटलं चढावर नेते, वाटल्यास माझी स्कूटर आणि लायसन्स ठेवून घ्या, तर "पॉलिसी नाहीये मॅडम". चढासाठी सायकल घेणाऱ्या माणसाला सपाट गल्लीत चालवून दाखवायची, ही कसली पॉलिसी? सपाटीवर सगळ्याच पळतात. हिशोब साधा आहे: मी, सायकल आणि पिशवी मिळून 100 किलो, 10 टक्के चढ, ताशी 10 किमी वेग, की नुसतं वर चढायलाच 270 वॅटच्या आसपास लागतात. मोटर 250 ची, म्हणजे उरलेलं पायांनीच द्यायचं, आणि पायांना हलका गियर नसेल तर वेग पडतो, आणि वेग पडला की हब मोटर नुसती तापत बसते. (250 वॅट आणि 25 किमी वेगाच्या आतली असेल तर लायसन्स, नंबरप्लेट लागत नाही, म्हणून मोठी मोटर मला नकोच होती. मालक 500 ची गळ्यात मारत होते, "कोण बघतंय.") टोकन परत मिळायला अजून पाच फोन लागले.

मग सुटलं ते अचानक. कल्याणीनगरला एक जर्मन कुटुंब परत चाललं होतं, त्यांची शिमानो नेक्सस 7 ची, म्हणजे सात गियरच्या हब गियरची, बिनमोटरची सायकल 14 हजारात मिळाली. नेक्सस 7 ची गियर रेंज 244 टक्के, म्हणजे सगळ्यात जड गियर सगळ्यात हलक्याच्या 2.44 पट, त्या दुकानातल्या 14-28 दात्यांच्या सात गियरची 200. हब गियरमध्ये कमी गियर मिळतात म्हणून घाबरवलं होतं मला!

तिला मोटर लावायला पायडलपाशी बसणारं किट घेणार होते, पेठेतल्या मेकॅनिक काकांनी वाचवलं. सायकल हातात घेतली, पायडल उलटं फिरवलं आणि म्हणाले, "ताई, हिला मागे पायडल मारलं की ब्रेक लागतो. ते किट बसवलं तर हा ब्रेक गेलाच समजा." खरंच, त्या किटला उलटं फिरवलं की चेन हलतच नाही. म्हणून मोटर पुढच्या चाकात. पुढचं चाक धरणारा चिमटा स्टीलचा आहे ना ते आधी बघा, अॲल्युमिनियमचा असला तर नको, आणि एक्सल फिरू नये म्हणून टॉर्क आर्म, म्हणजे एक्सल धरून ठेवणारी पट्टी, लावूनच घ्या. मागची 18 दात्यांची चकती काढून 21 ची टाकली, सगळे गियर 14 टक्के हलके झाले. किट आणि बॅटरी धरून एकूण 43 हजार. आणि गंमत बघा, पुढची मोटर गियर्ड हबच निघाली.

गल्ली पहिल्याच दिवशी बसून चढले, पहिल्या गियरमध्ये, एकदाही न उतरता. वॉचमन बघत होता, मी मुद्दाम घंटी वाजवली. गल्लीत खडी असेल तर पुढचं चाक जागेवर फिरतं, तेव्हा अंग थोडं पुढे झुकवायचं.

हां, पिशवीत 15 नंबरचा पाना ठेवा. मागचं चाक पंक्चर झालं तर गियरची केबल सोडवून, ब्रेकची पट्टी काढून मग चाक निघतं, आणि रस्त्यावरचा पंक्चरवाला ते बघून सरळ हात वर करतो. मी आता चाक न काढताच ट्यूब बाहेर ओढून पॅच मारायला शिकलेय.