अडीच वेढे

मंगळवार, रात्री पावणेबारा

झोप येत नाहीये. कारण सांगितलं तर हे हसतील, म्हणून इथे लिहिते.

एकतीस वर्षं मेडिकलच्या फर्स्ट इयरला सांगत आले. शरीरातल्या सगळ्या केशवाहिन्या, म्हणजे सगळ्यात बारीक रक्तवाहिन्या, एकापुढे एक जोडल्या तर १ लाख किलोमीटर होतील, पृथ्वीला अडीच वेढे. दुपारच्या लेक्चरला पेंगणारी मुलंही तेवढ्यापुरती मान वर करतात. आज तिसऱ्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, आता ९ ते १९ हजार म्हणतात ना?" उद्धटपणे म्हणाली असती तर बरं झालं असतं. मी "बघते हं" म्हटलं आणि पुढची स्लाइड लावली.

घरी येऊन बघितलं. तिचंच बरोबर. २०२१ मध्येच कोणीतरी नीट हिशेब मांडलाय.

आकडा चुकला याचं एवढं नाही. चुकतात आकडे. पण जेवण झाल्यावर लाइट बिलाच्या मागच्या बाजूला, हा आकडा ज्यांनी मांडला त्या डॅनिश शास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग यांचा मूळ हिशेब करून बघितला, तर तो पाचवीतल्या मुलाला जमेल असा निघाला. त्यांनी माणसाचे स्नायू ५० किलो धरले आणि एका चौरस मिलिमीटरमध्ये २००० केशवाहिन्या. गुणाकार केला की बरोब्बर १ लाख किलोमीटर. ५० किलो स्नायू! सत्तर किलोच्या माणसात तीसच्या आत-बाहेर असतात, हे मीच त्याच वर्गात शिकवते. क्रोगनी १९२२ साली निदान 'समजा' म्हटलं होतं. ते 'समजा' आम्ही वाटेत कुठे सांडलं कोण जाणे.

आणि मी कोण, तर उंदराच्या आतड्याच्या पडद्यातली धमनी, ती किती आखडते ते मोजायला, ४० मायक्रॉनच्या दोन तारांवर चढवताना श्वास रोखून बसणारी बाई. एक रीडिंग खटकलं की आख्खा दिवस टाकून दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचे. लॅबमधले शिपाईमामा म्हणायचे, "मॅडम, चालतंय की." चालायचं नाही मला. आतलं एंडोथेलियमचं अस्तर काढायला धमनीतून केस फिरवावा लागतो, तो माझाच असायचा. केस फिरवला की एरवी धमनी सैल करणारं ॲसिटिलकोलीन कितीही टाका, आखडलेली धमनी सैल होत नाही. रॉबर्ट फर्चगॉट नावाचे शास्त्रज्ञ याच अस्तराच्या मागे लागले आणि पुढे १९९८ च्या नोबेलचे वाटेकरी झाले. माझ्या वाट्याला... ते राहू दे.

तर इतकं काटेकोर राहून हा एक गुणाकार कधी करावासा वाटला नाही. का नाही? वर्षाला दीडशे मुलं धरली तरी साडेचार हजारांच्या वर डॉक्टर होतात. कोणी सांगलीत, कोणी दुबईत, आणि सगळे पेशंटला अडीच वेढे सांगतायत. हे तर सकाळच्या फिरायच्या ग्रुपलाही सांगतात, वर "आमच्या हिचा विषय" म्हणून.

मला वाटतं, वाक्य आवडलं होतं म्हणून. बाकी माझ्या विषयात टाळ्या घेणारं काही नाही. रक्तवाहिनीची त्रिज्या निम्मी झाली की रक्ताचा प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो, हे मला अजून थरारक वाटतं. मुलं फक्त परीक्षेला येणार का विचारतात.

असो. रडून झाल्यावर माझा हिशेब केला. ३० किलो स्नायू, चौरस मिलिमीटरला ४००. बारा हजार किलोमीटर! म्हणजे तिच्या दोन आकड्यांच्या मध्येच. मार्च अखेर निवृत्ती, आणि पहिल्यांदाच एका झटक्यात उत्तर आलं.

मग सुचलं, पृथ्वीचा व्यास १२,७४२. म्हणजे वेढा घालायचा नाही, सुईसारखं आरपार ओवायचं. सातशे बेचाळीस कमी पडतात, पण मी फक्त स्नायूच धरलेत. उरलेले किडनी-यकृताकडून उसने घेऊ. डिपार्टमेंटच्या भिंतीवर एका जुन्या बॅचने केलेला चार्ट आहे, निळी पृथ्वी आणि तिच्याभोवती लाल लोकर. मामांना सांगून उद्या उतरवावा का? लोकर बरीच उरेल.

त्या मुलीचं नाव विचारायचं राहिलं. रोल नंबर बघते उद्या.

बिलाची मुदत आजच होती.