परक्या शेतातून, हक्काने

जून-जुलैत लेकीकडे किंवा मुलाकडे इंग्लंडला गेलेल्या आईबाबांचा कार्यक्रम ठरलेला असतो. आधी लंडन, मग एखाद्या शनिवारी गाडी काढून कॉट्सवोल्ड्स, म्हणजे टेकड्या आणि जुन्या दगडी खेड्यांचा मुलूख. बोर्टन-ऑन-द-वॉटरला विंडरश नदीवरचे बुटके दगडी पूल, आइस्क्रीम, फोटो, परत गाडीत. मे महिन्यातल्या महाबळेश्वरच्या बाजारपेठेत असते तशीच गर्दी. खेडं पाहून झालं, पण शेताला पाय लागलेला नसतो.

गाडी तिथेच ठेवावी आणि 'पब्लिक फुटपाथ' लिहिलेली पाटी शोधावी. तिकडे फुटपाथ म्हणजे रस्त्याच्या कडेची फरशी नव्हे, तिला पेव्हमेंट म्हणतात. फुटपाथ म्हणजे पायवाट, आणि बहुतेक वेळा कुणाच्या तरी शेतातून जाणारी. बोर्टनहून लोअर स्लॉटर गावाला अशी वाट जाते, जेमतेम दीड-दोन किलोमीटरची. तिथून आय नावाच्या ओढ्यासारख्या नदीच्या सोबतीने अपर स्लॉटर साधारण तितकंच पुढे. नावाने दचकू नये. कत्तलीशी त्याचा संबंध नाही, चिखलाच्या जागेला असलेल्या जुन्या इंग्रजी शब्दावरून ते आलं असं मानतात. पाऊस पडून गेल्यावर ते पटतंही.

या वाटांचं कायद्यातलं रूप सांगायला मराठीत नेमका शब्द आहे: वहिवाट. जमीन शेतकऱ्याची, चालण्याचा हक्क सगळ्यांचा. लोक एखाद्या वाटेने 20 वर्षं राजरोस, बिनअडथळा चालत राहिले, तर ती सार्वजनिक मानली जाऊ शकते, असं 1980 चा हायवेज ॲक्ट सांगतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये असे हक्काचे रस्ते सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर भरतात. शेताच्या मधून जाणारी वाट शेतकऱ्याने नांगरली, तर पेरणीच्या वेळी 14 दिवसांत ती पुन्हा किमान एक मीटर रुंद करून द्यावी लागते. आपल्याकडेही 1906 चा मामलतदार कोर्ट कायदा आहेच आणि अडवलेल्या वाटेपायी सख्खे भाऊ तहसीलदारासमोर उभे राहतातच. पण आपली वहिवाट बहुधा ज्याचं शेत पलीकडे आहे त्याची. तिकडची पुण्याहून महिनाभरासाठी आलेल्या आजोबांचीसुद्धा.

फाटकावर किंवा खांबावर पिवळा बाण दिसला तर वाट फक्त पायी चालणाऱ्यांची, निळा असेल तर घोडे आणि सायकलीही येणार. बाण नुसती खूण नसते, तो दिशाही दाखवतो. तो शेताच्या मधून तिरपा जात असेल तर तसंच जायचं. आपला संकोच आपल्याला बांधाबांधाने नेतो, पलीकडचं फाटक सापडत नाही आणि वाट चुकते. उभ्या गव्हात दुसरी फसगत होते. पिकातून जाणाऱ्या दोन समांतर चाकोऱ्या फवारणीच्या ट्रॅक्टरच्या असतात. त्या शेताच्या टोकाला वळून परत येतात, कुठेही पोचवत नाहीत. ऑर्डनन्स सर्व्हे या तिकडच्या सरकारी नकाशा-संस्थेचा केशरी वेष्टणाचा एक्सप्लोरर नकाशा जवळ असावा. त्यात चार सेंटिमीटरला एक किलोमीटर असं माप असतं, पायवाटा हिरव्या तुटक रेषांनी आणि शेतांच्या कडाही दाखवलेल्या असतात. फोनवरच्या साध्या नकाशात त्या कडा नसतात, आणि झाडीत रेंजही जाते.

कुंपण ओलांडायला स्टाइल असते. ऐट नव्हे, लाकडाच्या किंवा दगडाच्या दोन-तीन पायऱ्या. माणूस चढून पलीकडे जातो, मेंढी जात नाही. गुडघे दुखणाऱ्याने खांब धरून तोंड कुंपणाकडे ठेवून उतरावं, शिडीवरून उतरतो तसं. सहावारीत हे जमणं अवघड, नऊवारीत सहज जमेल. किसिंग गेटमध्ये फाटक एका छोट्या कोंडाळ्यात झुलतं. आत शिरायचं, कोपऱ्यात सरकायचं, फाटक आपल्यामागे ढकलायचं आणि बाहेर पडायचं. एका वेळी एकच जण. पाठीवर मोठी सॅक असेल तर ती आधी वरून पलीकडे द्यावी, आणि नातवाची बाबागाडी घरीच ठेवावी.

पँट पूर्ण लांबीचीच हवी, कारण जुलैपर्यंत वाटेच्या दोन्ही कडांना नेटल कमरेइतकी वाढते. तिच्या पानांवरची बारीक लव टोचली की अंगावर गांधी उठतात. शेजारीच बहुधा डॉकची रुंद पानं असतात, ती चोळायची असा तिकडचा आजीबाईचा बटवा. डॉक म्हणजे आपल्या आंबटचुक्याचा थोराड भाऊबंद. पानाने गुण येतो की चोळण्याने लक्ष दुसरीकडे जातं, हा वाद निराळा.

गायींचं मात्र गमतीवर नेऊ नये. वासरं असतील तर गाय आणि वासराच्या मधून कधीच जायचं नाही, लांबून वळसा घालायचा. पळायचं तर मुळीच नाही. लेकीचा कुत्रा बरोबर असेल आणि गायी अंगावर आल्या, तर पट्टा सोडून द्यावा. त्यांचा राग त्याच्यावर असतो, आणि तो आपल्यापेक्षा वेगाने पळतो.

जूनअखेर सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे वेळ हाताशी भरपूर आहे असं वाटत राहतं. गावातल्या पबचं स्वयंपाकघर त्या उजेडावर चालत नाही. बऱ्याच ठिकाणी दुपारचं जेवण दोन-अडीचला संपतं आणि चूल पुन्हा सहाला पेटते. तीन वाजता पोचलेल्याला क्रिस्प्सचं, म्हणजे बटाट्याच्या वेफर्सचं पाकीट मिळतं. तेव्हा सॅकमध्ये दशम्या आणि लसणाची चटणी असू द्यावी. चर्चच्या आवारात बाक असतोच, आणि पाऊस आला तर दाराशी छप्परही.