बोनस, शाल आणि ‘विकलेले पंच’

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका गावची कबड्डी स्पर्धा, उपांत्य सामना. यजमान ३१, भिवंडीकडचे पाहुणे ३०. शेवटची चढाई पाहुण्यांची, समोर सहा गडी. चढाईपटूनं डाव्या कोपऱ्यापाशी बोनस रेषेपलीकडे पाय टाकला आणि अंगठा दाखवतच तो मध्यरेषेकडे परतला. मी एका बाजूचा पंच. मी बोनसचा जादा गुण दिला नाही. दोन टेम्पो भरून आलेल्या माणसांनी तिथल्या तिथे निकाल लावला: पंच विकलेत.

आत सहा बचावपटू असले की बोनस चालू, हे हल्ली पोराटोरांनाही ठाऊक असतं. मागच्या पायाचं मात्र कुणी बघत नाही. पुढचा पाय बोनस रेषेपलीकडे टेकला, त्या क्षणी मागचा हवेत हवा. नुसतं बोट जमिनीला लागलेलं असलं तरी बोनस नाही. पुरुषांच्या मैदानात निदान रेषा, म्हणजे चढाईपटूनं ओलांडायलाच हवी ती, मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर आणि तिच्यापुढे १ मीटरवर बोनस रेषा. चढाईपटू निदान रेषेकडे सरकला की पंचानंही बाजूच्या रेषेलगत सरकून बोनस रेषेच्या सरळ रेघेत यायचं. दोन्ही पाय वेगवेगळे दिसतात ते फक्त तिथून. मैदानाच्या मागच्या टोकाच्या अंतिम रेषेमागून चढाईपटू समोरून येताना दिसतो, त्यामुळे पुढची मांडी मागचा पाय झाकते. त्या दिवशी सगळी गर्दी आणि सगळे मोबाइल नेमके अंतिम रेषेमागे होते. रात्री फिरलेला व्हिडिओही तिथलाच. त्यात पुढचा पाय झकास दिसतो.

मैदान मातीचं होतं. मातीत मागचं पाऊल घासलं की खूण उरते, मॅटवर तेही नाही. उजव्या अंगठ्यानं ओढलेला बोटभर ओरखडा फक्कीच्या अलीकडे मला स्वच्छ दिसत होता. पकडीला झेपावलेल्या कोपऱ्यातल्या बचावपटूच्या टाचेखाली तो पुसला गेला.

समोरच्या बाजूच्या पंचाला चढाईपटूचं अंग आड आलं होतं. म्हणून सरपंचांनी, म्हणजे सामन्याच्या मुख्य पंचांनी, आम्हा दोघांना जवळ बोलावून विचारलं. दोघांचं जुळलं नाही किंवा एकाला दिसलं नाही, तर शेवटचा शब्द सरपंचांचा. सगळं नियमानं. घोळ झाला तो तेवढ्या सात-आठ सेकंदांत. आमची खूण व्हायच्या आधीच समालोचक माइकवर ओरडला, “बोनस! सामना बरोबरीत!” गुणफलकाशी बसवलेल्या मंडळाच्या पोरानं भोंगा ऐकून ३० चे ३१ केले. सरपंचांनी गुण नाकारल्यावर पुन्हा ३० केले. लोकांनी जे पाहिलं ते असं: दिलेला गुण काढून घेतला. मी त्या गर्दीत असतो तर मलाही तेच वाटलं असतं.

पंच बाहेरून आणायचे, त्यांच्या मानधनाची चार ठिकाणी वाच्यता करायची आणि फलक मात्र आपल्या शाखेतल्या पोराच्या हाती द्यायचा, ही आपल्याकडची जुनी काटकसर. फलकानं गुणलेखकाकडे बघून हलायचं असतं, भोंग्याकडे नाही.

वर शाल. सामन्याआधी यजमान मंडळाचे अध्यक्ष शाल-श्रीफळ घेऊन आले. सत्कार अंतिम सामन्यानंतर करा, असं मी सांगितलं. माझ्या सहकाऱ्यानं खांदा पुढे केला. त्याच्या मनात काही नव्हतं, तो माणूस सगळ्यांनाच हो म्हणतो. पण व्हिडिओच्या जोडीला तोच फोटो फिरला. यजमानांच्या घरचं मटणाचं जेवणही मी याच कारणासाठी टाळतो. डबा बरोबर असतो.

हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ७ ऑक्टोबर २०२३ ला भारत-इराण अंतिम सामना सुमारे तासभर अडकला होता. भारताचा चढाईपटू पवन सेहरावत कुणाला स्पर्श न करता लॉबीत, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्ट्यात, गेला, मागोमाग इराणचे बचावपटू गेले, आणि गुण कुणाला व किती यावर निर्णय फिरत राहिला. शेवटी भारत ३३-२९ जिंकला. तिथे कॅमेरे होते, पुन्हा बघायची सोय होती. आमच्याकडे शिट्टी, तीन कार्डं आणि हॅलोजन.

प्रेक्षकांशी वाद घालायचा नाही, खुलासा फक्त कर्णधाराला, हे मी पाळलं. कर्णधारानं “मागचा पाय ना?” एवढंच विचारलं आणि गुणपत्रकावर सही केली. म्हणजे त्याला माहीत होतं. माइकवरून एका वाक्यात कारण सांगितलं असतं तर टेम्पोवाले शांत झाले असते का, यावर सरपंचांचं नि माझं अजून जुळत नाही. ते म्हणतात, एकदा माइकवर खुलासा दिला की प्रत्येक चढाईला मागतील. मला वाटतं, समालोचकाला माइक मिळतो तर शेवटच्या चढाईपुरता सरपंचांनाही मिळावा.

बोनस रेषेच्या रेघेत तिकाटण्यावर मोबाइल लावा, असं काही मंडळं सुचवतात. लावा. पण दाद मागायची पद्धत आधी दोन्ही कर्णधारांच्या सहीनं ठरवा: संघामागे एक संधी, बघणार फक्त सरपंच. ते न ठरवता पडद्यावर दाखवायला गेलात, तर पुढच्या वेळी आम्हाला पोलीस बंदोबस्तातच बाहेर काढावं लागेल.